जळकुलूप

बटण मी दाबलं. आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी मला शहाणपण शिकवायला नको. लोकांनी शटर वाकवलं, काचा फोडल्या, माल नेला, हे सगळं खरं. पण बटण दाबलं ते माझ्या ह्या उजव्या अंगठ्याने, बुधवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी, आणि ह्यांनी दोनदा "थांब" म्हटलेलं असताना दाबलं.

मी मंदाकिनी तांबट. बोरखेडच्या जुन्या नाक्यावर 'तांबट टेलिकॉम' आहे ना, ते माझं दुकान. खाली दुकान, वर घर. सव्वीस वर्षांपूर्वी एका टेबलावर रिचार्ज मारत सुरुवात केली होती. आता फोन, घड्याळं, कानात घालायची यंत्रं, बॅटरी रिक्षाच्या चाव्या, असलं सगळं 'निहार' कंपनीचं विकते. म्हणजे विकत होते. आणि 'हे' म्हणजे माझे यजमान, दामोदर. बाजार समितीत त्यांना दामूअण्णा म्हणतात. कांद्याचा लिलाव पुकारतात. लिलाव स्क्रीनवर होऊन आता कैक वर्षं झाली, पण आमच्याकडच्या शेतकऱ्याचा स्क्रीनवर विश्वास नाही. ट्रॉलीपाशी उभा राहून कुणी माणसाने भाव पुकारला तरच त्याला तो भाव खरा वाटतो. म्हणून समितीने ह्यांना ठेवलेलं आहे.

दंगल मंगळवारची. गावात नऊ दिवस नळाला पाणी नव्हतं. दहाव्या दिवशी कुणीतरी उठवलं की आपलं पाणी बायपासवरच्या डेटा केंद्राला जातंय, तिथली यंत्रं थंड ठेवायला. खरं की खोटं ते अजून ठरायचं आहे. चौकशी समिती बसलेली आहे आणि तिला उठायची काही घाई नाही. लोक मात्र उठले. हंडे घेऊन मोर्चा निघाला, पोलिसांनी तो बायपासवर अडवला, लाठ्या चालल्या, आणि तिथून परत फिरलेल्या माणसांना वाटेत जिथे म्हणून स्क्रीन दिसली तिथे त्यांनी दगड घातला. एटीएम फोडलं. दवाखान्यातला नंबर दाखवणारा बोर्ड फोडला. त्याने कुणाचं काय पाणी प्यायलं होतं? मग माझं दुकान. आम्ही दोघं वरच्या खिडकीच्या फटीतून बघत होतो. तोंडाला रुमाल बांधलेले, डोक्यावर हेल्मेट घातलेले. पंधरा-वीस मिनिटांत सगळं खलास.

बुधवारी सकाळी खाली उतरले तर काय सांगू! मुळात नेण्यासारखं होतं ते नेलंच, पण शोकेसमधले नमुन्याचे फोनसुद्धा नेले. अहो, ते प्लास्टिकचे असतात, आत काही नसतं! माझी फिरती खुर्ची नेली. भिंतीवरचं कॅलेंडर तेवढं राहिलं. मी त्या काचांत उभी राहिले आणि माझं डोकं असं काही भणाणलं की बस्स.

विक्रेत्यांसाठी कंपनीने दिलेलं एक वेगळं यंत्र असतं. दंगलीत इंटरनेट बंद करतात म्हणून ते थेट उपग्रहावर चालतं. ते मी वर घरात ठेवते, म्हणून वाचलं. त्यावर प्रश्न आला होता, 'आपले दुकान लुटले गेले आहे काय?' खाली दोन बटणं. एक 'निवडक', एक 'सर्व'. निवडक दाबलं तर पंधरा-पंधरा आकडी नंबरांची यादी उघडत होती. नाव नाही, गाव नाही, नुसते आकडे.

"मंदा, थांब," हे म्हणाले. "नीट वाच तरी."

"काय वाचू? समोर दिसतंय ते पुरे नाही का?"

"अगं थांब. घाई करू नको."

"तुम्ही गप्प बसा हो! तिकडे ते माझ्या फोनवर रील बघत बसलेत आणि मी इथे आकडे वाचत बसू? जळू दे त्यांचं."

आणि मी 'सर्व' दाबलं.

"मंदा, त्यात आपल्या गिऱ्हाइकांची पण..." हे म्हणाले, आणि 'पण'वर थांबले.

मला वाटलं, रागावले. वळून बघते तर ह्यांचे ओठ हलतायत आणि आवाज नाही. ह्यांच्या गळ्यात जी पट्टी असते तिचा हिरवा दिवा विझलेला होता.

आता ही पट्टी काय, ते सांगायला हवं. चार वर्षांपूर्वी ह्यांच्या घशात कर्करोग निघाला. गुटखा! त्यावर बोलायला लागले तर आजचा दिवस पुरणार नाही, म्हणून नकोच. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं. श्वासासाठी गळ्याला भोक ठेवलं. मग ही कंठपट्टी आली. माणूस बोलायला जातो तेव्हा मेंदूकडून जबड्याच्या, जिभेच्या, मानेच्या स्नायूंना बारीक विजेचे हुकूम सुटतात. स्वरयंत्र नसलं तरी ते हुकूम सुटायचे थांबत नाहीत. पट्टी ते कातडीवरून टिपते, कोणता शब्द आहे ते ओळखते आणि तो शब्द त्या माणसाच्याच जुन्या आवाजात बोलते. त्यासाठी ऑपरेशनच्या आधी ह्यांचा आवाज अकरा दिवस नोंदवून घेतला. वाचून दाखवा म्हटलं की हे कंटाळायचे, म्हणून शेवटी ह्यांनी दवाखान्यातल्या खुर्च्यांचा लिलाव पुकारला. सगळा मजला गोळा झाला होता. मी बाहेरच्या बाकावर बसून हसत होते आणि रडत होते.

तो आवाज फक्त पट्टीत असतो. दुसरीकडे कुठेही नाही. नकली आवाजात फोन करून लोकांना फसवायचे प्रकार फार झाले, तेव्हा कायदा आला: आवाजाचा साचा एकाच यंत्रात ठेवायचा, यंत्र सुरू झालं की मूळ नोंदी महिन्याच्या आत पुसायच्या. कायदा चांगलाच आहे. सगळे कायदे चांगलेच असतात, आपल्यावर येईपर्यंत.

आणि पट्टी 'निहार'ची. आणि ती नोंदलेली कुणाच्या नावावर? माझ्या.

इथे माझीच चूक आहे आणि ती मी वर्षानुवर्षं मोठ्या कौतुकाने करत आले. नवं यंत्र सुरू करायचं तर ते मेल मागतं, चेहरा मागतं, वर सुरक्षेचे बारा प्रश्न विचारतं. घोलप आजोबांच्या कानातल्या यंत्राने त्यांना विचारलं, तुमच्या पहिल्या शाळेचं नाव काय? आजोबा शाळेत गेलेलेच नाहीत. मग काय, लोक म्हणणार, "ताई, तुमच्याच नंबरावर टाका ना." मी टाकायची. बारा प्रश्नांना बारा वेळा 'तांबट' असं उत्तर. पासवर्ड विसरायची भीती नाही, माणूस परत माझ्याकडेच येणार. कंपनीच्या लोकांना हे ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. विक्री वाढली म्हणून त्यांनी मला फलक दिला होता, तोही लुटीत गेला. अशी गावातली तीनशे सतरा यंत्रं कागदोपत्री माझ्या मालकीची होती. दुकानातून लुटून नेलेली पंचेचाळीस. 'सर्व' म्हणजे ही सगळी.

मला वाटलं होतं, सर्व म्हणजे लुटलेली सर्व. कुणालाही तसंच वाटेल. वाटणार नाही का?

आता जळकुलूप. कंपन्या त्याला 'सुरक्षित विक्री योजना' म्हणतात, गावात सगळे जळकुलूपच म्हणतात. पाच-सहा वर्षांपूर्वी मोठ्या शहरांत दंगली झाल्या, तेव्हा लोकांनी गोदामंच्या गोदामं साफ केली. मग कंपन्यांनी प्रत्येक यंत्राच्या चिपमध्ये एक धातूची तार घातली. तार म्हणजे आपल्या केसाच्या जाडीत अशा हजारो मावतील, इतकी बारीक. यंत्रातल्या स्मृतीची किल्ली त्या तारेवर असते. दुकानदाराने लूट झाल्याचं जाहीर केलं की तो निरोप एका यंत्राकडून शेजारच्या यंत्राकडे, तिथून पुढच्याकडे असा पसरत जातो. त्याला इंटरनेट लागत नाही. निरोप मिळाला की यंत्र झोपी जातं. अठ्ठेचाळीस तास वाट बघतं, न जाणो कुणी चुकून जाहीर केलं असेल म्हणून. त्यानंतर तारेतून जरासा जास्त प्रवाह सोडतं आणि तार वितळते. किल्ली गेली, म्हणजे आतलं सगळं गेलं. जगातला कुठलाही इंजिनियर ते परत आणू शकत नाही.

ह्यामुळे लूट थांबेल असं म्हणाले होते. कसली थांबते? माल आपल्या कामाचा नाही म्हटल्यावर लोक तो जास्त त्वेषाने फोडायला लागले. आणि काही चलाख लोक अठ्ठेचाळीस तासांच्या आत तो शेजारच्या तालुक्यात नेऊन विकतात. घेणारा बिचारा गरीब, तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात ठोकळा. मी स्वतः अशा कितीतरी बायांना दुकानातून परत पाठवलंय, "मावशी, हे मेलंय, काही होणार नाही" म्हणून. तेव्हा मला योजना चांगली वाटायची.

संचारबंदी होती, तरी तासाभरात जिन्यावर माणसं. इनामदारांच्या कमरुद्दीनची रिक्षा चौकातच उभी राहिली होती, चाकं जाम. आशाताईंच्या हातातलं बाळंतिणींच्या नोंदींचं यंत्र बंद. त्या म्हणाल्या, "मंदाताई, माझ्या सात बायकांचे दिवस भरत आलेत, तारखा सगळ्या त्यात आहेत." घोलप आजोबा तेवढे खुशीत होते. "राहू दे गं," ते म्हणाले, "सून काय म्हणते ते ऐकू येईना झालंय. लई बरं वाटतंय." त्यांच्या मागे सून उभी होती.

मी सगळ्यांना सांगितलं, दोन दिवसांत करते काहीतरी. आणि त्या उपग्रहाच्या यंत्रावरूनच कंपनीला फोन लावला. चाळीस मिनिटं सनई ऐकल्यावर कुणी कुलथे नावाचे अधिकारी फोनवर आले.

"मॅम, तुमच्या दुकानाबद्दल ऐकून वाईट वाटलं."

"वाईट नंतर वाटून घ्या. माझ्या नवऱ्याची पट्टी आणि गिऱ्हाइकांची यंत्रं यादीतून काढा. ती लुटलेली नाहीत."

"मॅम, ती तुमच्या मालकीची आहेत."

"माझी नाहीत हो! माझ्या नावावर आहेत."

"तेच म्हणतोय मॅम. नावावर आहेत म्हणजे मालकीची आहेत."

"तीनशे सतरा यंत्रं एकटी बाई वापरते का? कानातली यंत्रंच एकोणसाठ आहेत. मला कान किती?"

मला वाटलं, पटलं. "मॅम, निवडक माघार आता नियमात नाही. मागे काही विक्रेत्यांनी लुटारूंशी संगनमत करून हवी तेवढी यंत्रं सोडवून दिली होती. आता माघार घ्यायची तर संपूर्ण घोषणेची घ्यावी लागते."

"म्हणजे चोरलेली पंचेचाळीसपण जिवंत होणार?"

"हो मॅम. आणि एका यंत्रावर घोषणा एकदाच चालते. ती पुन्हा बंद करता येणार नाहीत."

"कराच मग. घेते माघार."

"त्यासाठी कारण एकच आहे मॅम. घोषणा खोटी होती, दुकानात लूट झालीच नाही, असं तुम्हाला स्वतःच्या आवाजात नोंदवावं लागेल. मग पुढे विक्रेता म्हणून..." इथे ते खाकरले. "खोट्या घोषणेवर परवाना रद्द होतो. सगळ्याच कंपन्यांची सामाईक यादी असते. आणि पोलिसांकडे तुमची तक्रार असेल तर ती टिकणार नाही."

"अहो, तुम्ही खिडकीतून बघा, शटर गटारात पडलंय माझं!"

"मी नागपुरात आहे मॅम."

मी फोन ठेवला. आणखी बोलले असते तर तोंडातून भलतंच काही गेलं असतं.

बुधवारची दुपार, संध्याकाळ, गुरुवारचा अख्खा दिवस आम्ही भांडलो. म्हणजे मी भांडले. हे कॅलेंडरची मागच्या महिन्यांची पानं फाडून त्यांच्या पाठीवर मार्करने लिहीत होते. पहिलंच पान माझ्यापुढे धरलं: 'माघार घेऊ नकोस.'

"का?"

'तू खोटं बोललीस असं होईल.'

"होऊ दे."

'दुकान जाईल.'

"जाऊ दे! दुकान काय माझ्याशी बोलतं?"

ह्यांनी नवं पान फाडलं. बराच वेळ लिहीत होते. 'आवाज गेला तर गेला. आधी पण गेला होता. तू सव्वीस वर्षं उभं केलंस. ज्यांनी फोडलं ते मजेत आणि तू खोटी, हे मला चालणार नाही.'

"तुम्हाला चालणार नाही म्हणे! आणि बाजार समितीत काय कॅलेंडर घेऊन जाणार? कांद्याचा भाव लिहून दाखवणार?"

'हमाली करीन.'

"साठीला आलात! हमाली करणार!"

ह्यांनी 'करीन'खाली रेघ मारली. मग आणखी एक. तिसऱ्या रेघेला मार्करचं टोक आत गेलं आणि कागद फाटला. मग ह्यांनी मार्कर फेकला आणि माझ्यावर ओरडायला तोंड उघडलं. गळ्याच्या भोकातून नुसता फस्स असा वारा आला. परत उघडलं, परत तेच. ह्यांचा चेहरा लालबुंद झाला होता, मानेच्या शिरा टरारल्या होत्या, आणि खोलीत काहीही ऐकू येत नव्हतं.

मी घाबरले. खरं सांगते, दंगलीच्या दिवशी घाबरले नव्हते इतकी घाबरले. आमच्या संसारात आम्ही रोज भांडलोय. चहात साखर जास्त, पंखा का चालू, तुमची बहीण, माझा भाऊ, कशावरूनही. मी एक बोलायची, हे दोन बोलायचे. ऑपरेशननंतर पट्टी बसेपर्यंतचे तीन महिने मी ह्या घरात एकटीच बोलत होते. स्वैपाक करताना बोलायची, झाडताना बोलायची, आणि उत्तर येत नाही म्हटल्यावर संध्याकाळी नळ सोडून त्याच्या आवाजात बसायची. ते मला परत नको होतं. मला तो माणूस सबंध हवा होता, भांडखोर.

आणि दुसरंही सांगते, लपवत नाही. मला ती पंचेचाळीस यंत्रं जळायला हवी होती. गुरुवारी पोळ्या लाटताना मी मनातल्या मनात एकेक यंत्र जाळत होते. ज्याने कुणी नेलं त्याच्या हातात ते शुक्रवारी पावणेदहाच्या आत मरणार, ह्या विचाराने मला बरं वाटत होतं. दुकान गेलं त्याहीपेक्षा, चोरांना ते सुखाने वापरू द्यायचं आणि वर मीच खोटी ठरायचं, हे माझ्या घशाखाली उतरेना. मी आयुष्यात गिऱ्हाइकाला जुना चार्जर नवा म्हणून दिलेला नाही.

शुक्रवारी सकाळी नऊला मी यंत्र घेऊन खाली दुकानात गेले. हे मागोमाग आले आणि माझ्या वाटेत आडवे उभे राहिले. मी म्हटलं, "बाजूला व्हा." हे हलले नाहीत. यंत्र ओढायला लागले. मी म्हटलं, "अहो, चाळीस मिनिटं राहिलीत. हे ओढाताणीत पडून फुटलं तर दुसरं नाही." तेव्हा सोडलं. मग मोडक्या काउंटरवर माझ्याकडे पाठ करून बसले.

पडद्यावर वाक्यं आली. कॅमेऱ्याकडे बघून वाचायची होती. माझ्या मागे वाकलेलं शटर, रिकामी कपाटं, पायाखाली काचा. मी वाचलं, "मी, मंदाकिनी दामोदर तांबट, जाहीर करते की माझ्या दुकानात लूट झालेली नाही. मी केलेली घोषणा खोटी होती."

यंत्र म्हणालं, "आपल्या आवाजात ताण आढळला आहे. कृपया शांतपणे पुन्हा वाचा."

"शांतपणे?" मी म्हटलं. "तुझ्या आईला सांग शांतपणे वाचायला!"

"मजकूर जुळत नाही. कृपया पुन्हा वाचा."

दुसऱ्यांदा वाचलं. परत ताण. कुणी दबाव आणून वदवून घेत असेल तर कळावं म्हणून ही सोय आहे म्हणे. आता दबाव होताच की, पण तो मी सांगणार कुणाला? नऊ बावीस झाले. मी एका कोपऱ्यात गेले, भिंतीला डोकं टेकलं, तोंडावरून पदर फिरवला. परत आले आणि तिसऱ्यांदा वाचलं, किराण्याची यादी वाचावी तसं. 'लूट झालेली नाही' म्हणताना पायाखाली काच कचकन वाजली. यंत्राला ती ऐकू आली नसावी.

"माघार स्वीकारली आहे. धन्यवाद. आजच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल?"

मी यंत्र पालथं घातलं.

पाच मिनिटं काही नाही. सहा मिनिटं. मग ह्यांच्या गळ्यात हिरवा दिवा लागला. हे तसेच पाठ करून बसलेले. मी पुढे जायला घाबरत होते. मग खाकरल्याचा आवाज आला, तोच, पट्टीने अगदी हुबेहूब उचललेला.

"मूर्ख आहेस तू," हे म्हणाले.

"परत म्हणा."

"महामूर्ख आहेस. अक्कल गहाण टाकलीस. एवढं सांगितलं, लिहून सांगितलं, पण तू कुणाचं ऐकशील तर शपथ!"

मी खाली बसले आणि हुंदके देऊन रडले. हे बोलतच होते. बाहेर गल्लीत घराघरातून यंत्रं जागी झाल्याचे आवाज येत होते, कुठे घंटी, कुठे गजर. चौकात कमरुद्दीनच्या रिक्षाचा भोंगा वाजला. आशाताईंनी गच्चीवरून हात हलवला. तेवढं एक बरं वाटलं.

ते बरं वाटणं दहा-साडेदहापर्यंत टिकलं. मग गावातल्या प्रत्येक 'निहार' यंत्रावर निरोप आला: 'आपल्या भागातील विक्रेत्या मंदाकिनी तांबट यांनी खोटी घोषणा केल्याचे मान्य केले आहे. परवाना रद्द करण्यात आला आहे. झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व.' ज्यांची यंत्रं मी वाचवली, त्यांच्याच हातात हा निरोप. आशाताईंनी गच्चीवरून खाली बघितलं आणि आत गेल्या. समोरच्या घरातून घोलपांची सून दुसऱ्या कुणाला तरी सांगत होती, "खोटं होतं म्हणे सगळं. काय बाई तरी!" शटर तिच्या डोळ्यांसमोर गटारात पडलेलं, आणि ही म्हणते खोटं! स्क्रीनवर आलं म्हणजे झालं.

अकराला संचारबंदी दोन तास उठली. आम्ही दोघं काचा भरत होतो. तेवढ्यात सुधाकर नेवसे आला. दोन दुकानं सोडून त्याचं दूध केंद्र आहे. गेली पंधरा वर्षं मी त्याच्याकडूनच दूध घेते. हातात कोरा डबा. आतला फोन कोरा. डब्याच्या कडेला माझं गोल स्टिकर, 'तांबट टेलिकॉम, जुना नाका'. स्टिकरसुद्धा काढलेलं नाही!

"ताई," तो म्हणाला, "पुण्याच्या पाहुण्यांनी दिलाय. काल-परवा बंदच होता, आज चालू झाला. तेवढा आयडी तुमच्या नंबरावर टाकून द्या ना. मला ते बारा प्रश्न जमत नाहीत."

माणसाला लाज नाही म्हणावं, तर तसंही नाही. त्याच्या डोक्यात दोन गोष्टींचा संबंधच लागलेला नव्हता. फोन दुकानातून न्यायचा असतो आणि मग आयडीसाठी ताईंकडे यायचं असतं.

"सुधाकर, हे स्टिकर कुणाचं आहे?"

त्याने बघितलं. मग त्याला कळलं. पण तो तयार होता. "आता ताई," तो म्हणाला, "तुमच्याकडे तर लूट झालीच नाही ना? सगळ्यांच्या फोनवर आलंय. तुम्हीच म्हणालात."

काय बोलणार? माझ्याच तोंडचं वाक्य, माझ्याच आवाजात, ताण नसलेलं. पोलिसांत जावं तर मी खोटी. कंपनीला सांगावं तर मी खोटी. मी सुपली खाली ठेवली.

ह्यांनी पुढे येऊन सुधाकरच्या हातून डबा घेतला. उलटसुलट करून पाहिला. मग तो हातात धरून दुकानाबाहेर पडले आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. संचारबंदी उठल्याने गल्ली भरलेली होती, भाजीच्या गाड्या, पिशव्या घेतलेल्या बाया. ह्यांनी डबा डोक्याच्या वर धरला.

"ऐका हो ऐका!" शंभर ट्रॉल्यांच्या पलीकडे जातो तो आवाज. "एक फोन, 'निहार'चा, कोरा! देणारे पाहुणे पुण्याचे, स्टिकर जुन्या नाक्याचं! मंगळवारी दुपारी साडेचारला तांबटांच्या दुकानातून निघाला, शुक्रवारी अकराला सुधाकर नेवसे ह्यांच्या हातातून आला! शटर इथे पडलंय, बघून घ्या! लूट झालेली नाही म्हणतात, बघून घ्या!"

गाड्या थांबल्या. खिडक्या उघडल्या. घोलप आजोबा कानाला हात लावून ओट्यावर आले. आशाताई परत गच्चीत आल्या. कुणीतरी हसलं, कुणीतरी खाली मान घालून घाईघाईने आत वळलं, आणि मी ते वळणं नीट बघून ठेवलं.

"आणखी चव्वेचाळीस राहिलेत!" हे पुकारत होते. "स्टिकर काढलं नसेल तर आत्ताच काढून घ्या, मी घरोघर येणार आहे! पहिलं घर कुणाचं? बोला, पहिलं घर कुणाचं?"

सुधाकरचा चेहरा उतरला होता. तो माझ्या जवळ सरकला. "ताई, अहो काय हे? लोक बघतायत. तेवढं गप्प करा ना अण्णांना."

"नाही," मी म्हटलं. "एकदा केलं होतं मी ते."